बारामतीवरून गेलेला जनरल आणि टेबलावरची फौज

दिवाळीच्या आठ दिवस आधी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारात एक चक्कर मारा. पणत्यांच्या ढिगाशेजारी मावळे उभे दिसतात. मातीचे, प्लॅस्टरचे आणि हल्ली प्लॅस्टिकचेही. तुम्ही आता कॉलेजात गेलात, किल्ल्याची जबाबदारी धाकट्यांवर ढकललीत, हळीव पेरायलाही आता तेच बसतात. तरी एखादा मावळा उचलून, उलटापालटा करून, भाला शाबूत आहे ना हे बघितल्याशिवाय पुढं जाववत नाही. खरं ना?

जगात अनेक मोठी माणसं ही सवय आयुष्यभर सोडत नाहीत. बोटभर उंचीचे शिपाई जमवायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे, टेबलावर नद्या-टेकड्या मांडायच्या आणि इतिहासातली एखादी लढाई फासे आणि मोजपट्टी घेऊन पुन्हा खेळायची. याला ते वॉरगेमिंग म्हणतात. आणि या मंडळींत एक न संपणारा वाद आहे: शिपाई धातूचा चांगला की प्लॅस्टिकचा?

तुम्ही म्हणाल, यात वाद घालण्यासारखं काय आहे? आहे. आणि तो समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य फार उपयोगी पडतं. हा माणूस १८०३ च्या एप्रिलमध्ये अकलूजहून नीरा ओलांडून, आपल्या बारामतीच्या वाटेनं पुण्याकडं धावत गेला होता. पुढं जगानं त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखलं. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवणारा तो हाच. तेव्हा मात्र तो नुसता मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता, वय ३३.

आर्थरचा जन्म १७६९ चा, डब्लिनचा. योगायोग बघा, नेपोलियनही त्याच वर्षी जन्मला. घराणं सरदारी, पण पैशाची चणचण. वडील संगीताचे प्राध्यापक. ते लवकर गेले. मोठा भाऊ रिचर्ड हुशार, घराची सगळी आशा त्याच्यावर. आर्थर ईटनच्या नामांकित शाळेत होता, पण तिथं चमकला वगैरे अजिबात नाही. या पोराचं काय करायचं हे आईला कळेना. शेवटी त्याला फ्रान्समधल्या आंजे गावी घोडेस्वारीच्या शाळेत घातलं. ज्यांच्याशी आयुष्यभर लढायचं त्यांची भाषा तो तिथं शिकला. त्याला खरी गोडी होती व्हायोलिनची. पुढं किटी पॅकनम नावाच्या मुलीला त्यानं मागणी घातली. तिच्या घरच्यांनी कर्जात बुडालेला, भविष्य नसलेला हा लष्करी अधिकारी नाकारला. त्यानंतर त्यानं आपली व्हायोलिनं जाळून टाकली. एकदम फिल्मी वाटतं, पण घडलेलं आहे.

त्या काळी ब्रिटिश सैन्यात बढती विकत मिळायची. भावाकडून पैसे घेऊन तो ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला, तेव्हा वय होतं २४. पहिली मोहीम नेदरलँड्समधली. तिथं थंडी, उपासमार आणि वरिष्ठांचा गोंधळ बघून सैन्य कसं चालवू नये हे तो शिकला. १७९७ मध्ये जहाजानं कलकत्त्याला आला. सोबत पुस्तकांचा मोठा साठा होता, त्यात हिंदुस्थानावरची बरीच. पुढच्या वर्षी रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. आता वशिला होता हे खरंच आहे, ते लपवायचं कारण नाही. पण वशिल्यानं पद मिळतं, नदीचा उतार सापडत नाही. त्या उताराची गोष्ट पुढं येईलच.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ रात्रीच्या अंधारात एका बागेवर त्यानं हल्ला केला आणि सपशेल फसला. वाट चुकली, माणसं पकडली गेली, त्याच्या गुडघ्याला मार बसला. ही जागा आधी दिवसा नीट न बघितल्याची चूक त्यानं पुन्हा केली नाही. टिपू पडल्यावर म्हैसूरची व्यवस्था त्याच्याकडं आली. तिथं त्याला बैलांचं महत्त्व कळलं. म्हैसूरचे पांढरे, चपळ बैल तोफा ओढायला, आणि धान्य पोचवायला वंजाऱ्यांचे तांडे. १८०० मध्ये धोंड्या वाघाचा पाठलाग करताना त्यानं या बैलांच्या जोरावर महिनोन्‌महिने कूच केलं. धोंड्या मारला गेला, त्याचा लहान मुलगा सापडला, तर त्या मुलाच्या पालनपोषणाची सोय वेलस्लीनं स्वतः केली.

आता आपल्याकडं येऊ. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पळाला, वसईला पोचला आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून बसला. इंग्रजांनी त्याला पुन्हा गादीवर बसवायचं ठरवलं आणि ते काम वेलस्लीकडं आलं. मार्चमध्ये त्यानं तुंगभद्रा ओलांडली. एप्रिलच्या मध्यावर तो अकलूजला होता. पुण्यात तेव्हा बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव होता आणि इंग्रज येण्याआधी तो शहर जाळणार अशी बातमी आली. खरी की खोटी, कोण तपासत बसणार? वेलस्लीनं पायदळ मागं ठेवलं, घोडदळ घेतलं आणि १९ एप्रिलला निघाला. सुमारे ६० मैल, ३२ तासांत. एप्रिलचं बारामतीचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. २० तारखेला तो पुण्यात पोचला, तेव्हा अमृतराव निघून गेला होता आणि शहर जागेवर होतं.

ही धावपळ टेबलावर मांडायची म्हटली तर पहिली अडचण काय येते माहिती आहे? बैल. शिपायांच्या डब्यात शिपाई असतात, फार तर तोफ असते. धान्याच्या गोण्या लादलेला बैल शोधून सापडत नाही. ज्या गोष्टीवर हा माणूस सगळ्यात जास्त विसंबला तीच खेळात नसते. मात्र आपल्या दिवाळीच्या स्टॉलवर बैल असतो, बैलगाडी असते, विहिरीवर पाणी भरणारी बाईही असते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

ऑगस्टमध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध सुरू झालं. अहमदनगरची पेठ शिड्या लावून काही तासांत घेतली, चार दिवसांत किल्लाही गेला. आणि मग २३ सप्टेंबर १८०३, असई. आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव.

वेलस्लीला वाटत होतं की शत्रू अजून लांब आहे. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज येऊन मिळाल्यावर हल्ला करायचा असा बेत होता. प्रत्यक्षात समोर अख्खी मराठी छावणीच आली. शिंदे-भोसल्यांचं घोडदळ हजारोंनी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कवायती पायदळ सुमारे १० हजार, शंभरच्या आसपास तोफा. पायदळाचा मुख्य अँथनी पोलमन, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. बेगम समरूच्याही पलटणी होत्या. वेलस्लीकडं प्रत्यक्ष लढायला सुमारे साडेचार हजार. म्हैसूरचं आणि पेशव्यांकडचं घोडदळ सोबत होतं, ते नदीपलीकडं राखून ठेवलं.

वाटाड्यांनी सांगितलं, इथं नदीला उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून बघितलं, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं, पिंपळगाव आणि वरूड. तुम्ही नीरेच्या किंवा भीमेच्या काठावर वाढला असाल तर त्याच्या डोक्यात काय आलं ते लगेच ओळखाल. समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करणार, म्हणजे उतार असणारच. तो होता. तिथून फौज पार गेली. त्याच्या शेजारच्या स्वाराचं डोकं तोफगोळ्यानं उडालं, ते याच उतारावर.

पलीकडं गेल्यावर त्याला वाटलं होतं की मराठी फौज आडवी सापडेल. पोलमननं आपली अख्खी रांग कवायतीच्या शिस्तीत फिरवून त्याच्या तोंडावर आणली. मराठी फौज म्हणजे नुसती गनिमी काव्याची, अशी समजूत असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मग तोफांनी जे केलं ते भयंकर होतं. ७४ वी हायलँडर पलटण चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि जवळजवळ संपली. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. संगिनीनं मरेपर्यंत तोफेपाशी उभे राहिले. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रजी रांग पुढं गेल्यावर उठून, तोफा उलट फिरवून पाठीत मारा सुरू केला. वेलस्लीला पुन्हा मागं येऊन त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी विजय त्याचा होता, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली होती. म्हणजे तीनातला एक. त्या रात्री तो जमिनीवरच पडून राहिला.

पुढं आयुष्यभर कितीही लढाया जिंकल्या तरी लढण्यातलं आपलं सर्वांत चांगलं काम कोणतं, असं विचारल्यावर त्यानं उत्तर दिलं ते असई. वॉटर्लू नव्हे.

आता टेबलाकडं वळू. समजा तुम्हा चार मित्रांना असई मांडायची आहे. ३० खऱ्या माणसांना एक शिपाई असा हिशेब धरला तर वेलस्लीचे साधारण १५० आणि शिंद्यांच्या नुसत्या कवायती पायदळाचे साडेतीनशेच्या आसपास लागतील. घोडदळ वेगळं. एवढे शिपाई आणायचे कुठून आणि कशाचे?

प्लॅस्टिक स्वस्त, हलकं. एका खोक्यात चाळीस-पन्नास शिपाई येतात. त्यातही दोन जाती. एक मऊ, लवचीक. भाला वाकवला तरी मोडत नाही, पण रंग धरत नाही, दोन लढाया झाल्या की पापुद्रे निघतात. दुसरं कडक, फ्रेमला चिकटून येणारं. यात हात, डोकी, बंदुका सुट्या असतात. विशिष्ट गोंद लावला की प्लॅस्टिक थोडं विरघळतं आणि सांधा एकजीव होतो. डोकं कापून दुसरं बसवायचं असेल तर याच्यासारखं सोपं काही नाही.

धातूचा शिपाई म्हणजे कथील, शिसं किंवा अँटिमनी अशा धातूंची मिश्रणं. २८ मिलिमीटरचा पायदळाचा एक शिपाई साधारण १५ ते २० ग्रॅम भरतो. हातात घेतला की वजन जाणवतं आणि खरं सांगायचं तर यातच अर्धे लोक फसतात. टेबलाला धक्का लागला तरी तो पडत नाही. पण पडलाच तर फरशीवर टक्कन आवाज येतो, संगीन वाकते आणि कोपऱ्यांवरचा रंग उडतो. संगीन सरळ करायला जावं तर तुटते. आधी प्रायमर मारल्याशिवाय त्यावर रंग टिकत नाही. चिकटवायला फेव्हीक्विकसारखा गोंद लागतो आणि तो सांधा धक्क्याला निघतो. साडेतीनशे शिपाई म्हणजे पाच-सात किलो धातू. तो परदेशातून मागवला तर टपालखर्च शिपायांच्या उरावर बसतो. शिवाय जुन्या शिपायांत शिसं असतं. घासल्यावर हात धुवायचे, घरातल्या लहानग्यांच्या तोंडात जाऊ द्यायचे नाहीत.

इथवर प्लॅस्टिक पुढं आहे असं वाटेल. पण खरा फरक शिपायात नाही, साच्यात आहे.

प्लॅस्टिकचा साचा पोलादाचा असतो. त्यात गरम प्लॅस्टिक प्रचंड दाबानं भरावं लागतं. असा एक साचा करायचा म्हणजे लाखांचा खर्च. तो भरून यायचा तर हजारो खोकी खपली पाहिजेत. म्हणून कारखानदार खात्रीचं गिऱ्हाईक बघतो: वॉटर्लू, दुसरं महायुद्ध, रोमन सैन्य. धातूचं उलट. तिथं साचा रबराचा. तो गरगर फिरवायचा, मधोमध वितळलेला धातू ओतायचा, फिरण्याच्या जोरानं तो कडेपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या एखाद्या लहान ओतकाम करणाऱ्याच्या शेडमध्ये मावेल एवढा व्याप. शंभर-दोनशे गिऱ्हाइकांसाठीही परवडतो. म्हणून मराठ्यांचे शिपाई, मद्रासचे आखूड चड्डीतले शिपाई, पेंढारी, हत्ती, हे सगळं ब्रिटन-अमेरिकेतल्या लहान धातू ओतणाऱ्यांनी केलं. प्लॅस्टिकच्या मोठ्या कंपन्या त्या वाटेला क्वचितच गेल्या.

म्हणजे बघा, वेलिंग्टन तुम्हाला प्लॅस्टिकमध्ये सहज मिळेल, पण तो वॉटर्लूचा. त्याच्या मते जिथं त्यानं सर्वांत चांगलं काम केलं, तिथले त्याचे शत्रू धातूतच शोधावे लागतात. आणि वॉटर्लूच्या खोक्यातले लाल कोटवाले असईत खपवता येतील असंही नाही. त्यांच्या डोक्यावरची उंच कपाळपट्टीची टोपी १८०३ नंतर बऱ्याच वर्षांनी आली. पण ते कडक प्लॅस्टिकचे असतील तर डोकी बदलता येतात हे आत्ताच सांगितलं.

असईनंतरचं थोडक्यात. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. महिना संपायच्या आत भोसले आणि शिंदे दोघांनीही तह केले. १८०५ मध्ये वेलस्ली परत निघाला. वाटेत सेंट हेलेना बेटावर जिथं मुक्काम केला, त्याच घरात दहा वर्षांनी नेपोलियन कैदी म्हणून काही आठवडे राहिला. मायदेशी जाऊन त्यानं किटीशी लग्न केलं. मधल्या अकरा-बारा वर्षांत तिला बघितलंही नव्हतं. आता नकाराचं कारण उरलं नव्हतं, पण संसार काही सुखाचा झाला नाही. मग पोर्तुगाल-स्पेनमध्ये सहा वर्षं फ्रेंचांशी झुंज. तिथंही जादू तीच होती: आधी जागा बघायची, सैन्याच्या पोटाची सोय करायची, मग लढायचं. नेपोलियन त्याला शिपायांचा जनरल म्हणून हिणवायचा, म्हणजे हिंदुस्थानातल्या काळ्या शिपायांवर मोठा झालेला. त्याचा हिशेब १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला चुकता झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मेलेल्यांची यादी ऐकताना वेलिंग्टन रडला. त्यानंतर तो एकही लढाई लढला नाही.

आणि आता येते या आयुष्यातली सगळ्यात विचित्र लढाई. ती त्यानं कथील-शिशाच्या शिपायांशी केली.

१८३० मध्ये विल्यम सिबॉर्न या तरुण अधिकाऱ्याला वॉटर्लूचं मॉडेल बनवायचं काम मिळालं. सिबॉर्न स्वतः त्या लढाईत नव्हता. पण काम असं केलं की विचारू नका. रणांगणावरच्या एका शेतघरात आठ महिने राहून त्यानं जमिनीचा इंच न् इंच मोजला. मग लढाईतून वाचलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली: संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठं होती? समोर कोण होतं? पिकं कसली होती? ती पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. मॉडेल साधारण २१ फूट बाय १८ फूट. त्यावर सत्तर-पंचाहत्तर हजार शिपाई, प्रत्येक जेमतेम १० मिलिमीटर उंच. प्लॅस्टिकचा तेव्हा पत्ताच नव्हता. एवढे बारीक, एवढ्या संख्येनं काढायचे तर कथील-शिशाशिवाय उपाय नव्हता. सरकार बदललं आणि पैसे थांबले. सिबॉर्ननं कर्ज काढून काम पुरं केलं. १८३८ मध्ये ते लंडनला लोकांपुढं आलं. एक शिलिंग तिकीट, आणि सुमारे एक लाख लोकांनी ते बघितलं.

अडचण एकच झाली. सातच्या सुमारास मैदानात प्रशियाची फौजही पोचलेली होती, हजारोंनी. सिबॉर्ननं पत्रांच्या आधारानं तीही मांडली होती. बघणाऱ्याला एका नजरेत कळत होतं की हा विजय एकट्या इंग्रजांचा नाही. वेलिंग्टन तोवर पंतप्रधानपद भोगून झालेला, देशाचा देव. त्याला ही मांडणी रुचली नाही. प्रशियन इतके पुढं आलेले नव्हते असं त्याचं म्हणणं सिबॉर्नपर्यंत पोचवलं गेलं. अखेर मांडणी बदलली आणि प्रशियन शिपाई मॉडेलवरून उचलले गेले. काही अभ्यासकांच्या मते तब्बल ४० हजार. सिबॉर्न १८४९ मध्ये कर्जातच वारला. त्याचं मॉडेल आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

मला या प्रसंगाचं फार नवल वाटतं. सबंध युरोप ज्याला सलाम करत होता, त्याला नखाएवढ्या शिपायांची भीती का वाटावी? त्याचं डोकं चालत नव्हतं असं नाही. उलट त्याला नेमकं कळलं होतं. त्यानं पाठवलेला युद्धाचा अहवाल किती लोक वाचणार? मॉडेल मात्र एक शिलिंग देऊन लाखभर लोक बघत होते. जे टेबलावर दिसतं तेच घडलं, असं डोळा मानतो.

राजकारणात तो फारसा लाडका राहिला नाही. १८२८ ते १८३० पंतप्रधान होता. कॅथलिकांना हक्क देणारा कायदा स्वतःच्याच पक्षाचा रोष पत्करून केला. त्यावरून एका उमरावाशी पिस्तुलांचं द्वंद्वही खेळला, पंतप्रधान असताना. पण मतदानाचा हक्क वाढवायला कडाडून विरोध केला, तेव्हा लोकांनी दगड मारून त्याच्या घराच्या काचा फोडल्या. त्यानं खिडक्यांना लोखंडी झडपा बसवल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी तो गेला, वय ८३. अंत्ययात्रा अशी निघाली की लंडननं तशी कधी बघितली नव्हती. सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९३ मध्ये, ब्रिटन्स या लंडनच्या कंपनीनं आतून पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. धातू कमी लागू लागला, किंमत उतरली आणि मध्यमवर्गाच्या घरांत लाल कोटवाले शिरले. १९६६ पर्यंत ब्रिटन्सनं धातूचे शिपाई बंद केले, कारण शिशाची धास्ती आणि प्लॅस्टिकची स्पर्धा. एअरफिक्सनं छोटी खोकी काढली. त्यांत वॉटर्लूची पूर्ण मालिका होती, लढाईतलं शेतघरसुद्धा. असईची नव्हती. शिंद्यांचा गोलंदाज पोलादी साच्यापर्यंत पोचलाच नाही. वेलिंग्टननं निदान प्रशियनांना टेबलावरून उचलायला लावलं. या गोलंदाजांना कुणी आधी ठेवलंच नव्हतं.

आता थ्रीडी प्रिंटर आलाय, त्याला पोलादी साचा लागत नाही, रबराचाही नाही. तुमच्या इंजिनीअरिंगच्या मित्रांपैकी कुणाला तरी त्याचा हात असेल. पण त्याला आकृती द्यावी लागते आणि ती काढायला गोलंदाज कसा दिसत होता, पागोटं कसं, तोफेचा गाडा कसा, हे कुणीतरी आधी शोधावं लागतं. सिबॉर्ननं पत्रं लिहिली तसं.

तेव्हा माझं मत विचाराल तर हिशेब असा. वेलस्लीची बाजू कडक प्लॅस्टिकची घ्या, डोकी बदला, पैसे वाचवा. वाचलेल्या पैशात शिंद्यांचे गोलंदाज आणि तोफा धातूच्या आणा. त्या तोफा खरोखर ओतीव होत्या, आणि इंग्रजांनी घेतल्यावर त्यांच्या दर्जाचं कौतुक खुद्द वेलस्लीनं केलं होतं. तोफ टेबलावर ठेवताना वजन जाणवलं पाहिजे. केळणा नदी निळ्या कापडाची करा. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं मांडायला विसरू नका, नाहीतर उतार कुठं ते कुणालाच कळणार नाही.

आणि बैल दिवाळीच्या स्टॉलवरून घ्या. मातीचे. मापात थोडे मोठे निघतील, चालतंय.